पेटीला हात लावणारा कप्तान

टेलिव्हिजन मालिकेचा तो भाग कमकुवत होता, हे सुरुवातीलाच नोंदवायला हवे. पुढे वृत्तपत्राच्या कचेरीत चित्रपटांची परीक्षणे तपासण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. कथानकात भोके असणे, शेवट ओढूनताणून आणणे असे शब्दप्रयोग तेव्हा रोज डोळ्यांखालून जात. ते सगळे त्या भागाला लागू पडले असते. तरीही तारापूरजवळच्या घिवली गावच्या माणसांनी तो ज्या चवीने पाहिला, तशी चव मला नंतर बऱ्या चित्रपटांच्या प्रेक्षकांतही क्वचितच दिसली.

साठच्या दशकाची मधली वर्षे होती. तारापूरला अणुवीज केंद्राचे बांधकाम चालू होते. मी पालघरला राहून मुंबईच्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. बोईसरला उतरले की बांधकामाचा एखादा ट्रक मिळे. नाही मिळाला तर एसटीची वाट पाहावी लागे. कामावर परदेशी अभियंते होते आणि त्यांतले बरेचसे कुटुंबांसह राहायला आले होते. त्यांच्या बंगल्यांच्या रांगेला तारेचे कुंपण होते, कुंपणाला एक फाटक होते आणि फाटकावर उत्तरेकडचा एक चौकीदार होता.

टेलिव्हिजन हा शब्द आमच्या दैनिकात अधूनमधून छापला जाई, पण ती वस्तू तालुक्यात कोणी पाहिलेली नव्हती. या परदेशी कुटुंबांना मात्र तिच्यावाचून करमत नसावे. त्यांच्या देशातल्या टेलिव्हिजनवर लागणाऱ्या मालिकांचे भाग फिल्मच्या रिळांवर त्यांच्यासाठी येत आणि शनिवारी संध्याकाळी करमणूक केंद्रात दाखवले जात. एका भागाची दोन रिळे असत. प्रोजेक्टर एकच असल्यामुळे मध्ये थांबून रीळ बदलावे लागे.

गावांशी संबंध चांगले राहावेत यासाठी एक कल्याण अधिकारी नेमलेले होते. ते मूळचे पुण्याकडचे, उत्साही गृहस्थ. त्यांनी आसपासच्या गावांना आधी विजेविषयीचा एक माहितीपट दाखवला होता. गावे आली, शेवटपर्यंत बसली आणि घरी गेली. पुन्हा बोलावले तेव्हा घिवलीहून निरोप आला की ते बघून झाले आहे, दुसरे काही असेल तर येऊ. अधिकाऱ्यांनी मग बंगल्यांतल्या लोकांना विनंती करून त्यांचा एका शनिवारचा खेळ मागून घेतला. पडदा केंद्राच्या आत न लावता बाहेरच्या मैदानात लावायचा, पुढे परदेशी कुटुंबांसाठी खुर्च्या, मागे गावकऱ्यांसाठी सतरंज्या, असे ठरले. चित्र इंग्रजीत असल्याने कोणीतरी ते मराठीत सांगायला हवे होते. ते काम त्यांनी मला दिले.

“तुम्ही बातमीदार आहात. जे दिसतं ते सांगायचं, बस्स,” ते म्हणाले.

त्या खेळाला कोण येणार आणि कोण नाही, याबद्दल थोडी धाकधूक होती. घिवलीच्या मासळी विकणाऱ्या बायका आणि बंगल्यांतल्या बायका यांच्यात हिवाळ्यापासून वैर होते. त्याची हकिगत मी दोन्ही बाजूंकडून ऐकली होती.

घिवलीची एक मासळीवाली, वय चाळिशीच्या आसपास, आठवड्यातून तीन-चार वेळा डोक्यावर पाटी घेऊन बंगल्यांच्या रांगेत जात असे. तिच्या नवऱ्याच्या कमरेवर बोटीची डोलकाठी पडली होती आणि तेव्हापासून तो समुद्रावर जात नव्हता. दिराच्या बोटीतून जो वाटा मिळे तो विकून घर चालत होते. एका सकाळी ती अशा एका बंगल्याच्या व्हरांड्यासमोर उभी राहिली, जिथे ती पूर्वी कधी गेली नव्हती. घरातल्या बाई उंच होत्या आणि चष्मा लावत. त्या बाहेर आल्या, पाटीला हात लावून ती खाली उतरवायला मदत केली आणि हसून, मान हलवून, मासळी नको असे सांगितले. मासळीवाली तोवर सरंगा, म्हणजे पापलेट, कापायला बसली होती. ती उठली आणि बोलू लागली. बाईंना शब्द कळले नाहीत, आवाज कळला. त्या घाबरून आत गेल्या. चौकीदार आला.

बाईंचे म्हणणे असे: मी मदत केली आणि तिने माझ्यावर जबरदस्ती केली. मासळीवालीचे म्हणणे असे: “तिनं घेतली, आनि घेऊन नाय म्हनली. वर आमालाच चोर ठरवलं.”

बंगल्यांतल्या बायकांची एक समिती होती. घरकामाचे नोकर, पाणी, मुलांची शाळा असल्या गोष्टी ती पाहत असे. समितीने ठरवले की फेरीवाल्यांनी कुंपणाच्या आत येऊ नये. फाटकाबाहेर बसायला हरकत नव्हती, पण बाहेर सावली नव्हती आणि बंगल्यांतून तिथवर कोणी येत नसे. दुपारपर्यंत मासळी मऊ पडे. बोईसरच्या बाजारात जागा आधीच धरलेल्या होत्या. बाकीच्या बायकांच्या घरी दोन-दोन मिळवते हात होते. त्यांचे कसेबसे निभत होते. या बाईचे निभत नव्हते. बांधकामावरच्या एका मुकादमाने तिला सांगून ठेवले होते की पावसाळा संपला की माती वाहायला ये, रोजची हजेरी मिळेल. तिने त्याला होय म्हटले नव्हते, पण नाहीही म्हटले नव्हते. डोक्यावर पाटी राहणारच होती. ती मासळीची राहते की मातीची होते, एवढाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर फाटकावर अवलंबून होते.

होळी होऊन गेल्यावरच्या एका शनिवारी, दिवेलागणीनंतर, मैदान भरले. घिवलीचे लोक आले होते, बायकाही आल्या होत्या. ती मासळीवाली बायकांच्या घोळक्यात अगदी पुढे, खुर्च्यांच्या मागच्या ओळीला लागूनच बसली. चष्मा लावणाऱ्या बाई त्याच ओळीत होत्या. दोघींनी एकमेकींना पाहिले आणि दोघी पडद्याकडे पाहू लागल्या.

मी प्रोजेक्टरजवळ ध्वनिक्षेपक घेऊन बसलो.

कथा अशी होती. एक अंतराळयान, त्यात चार माणसे: कप्तान, डॉक्टर, एक यंत्रज्ञ आणि नकाशे सांभाळणारी एक तरुणी. ते एका ओसाड ग्रहावर उतरतात. ग्रह म्हणजे वाळू आणि तीन खडक. प्रसंग बदलला तरी खडक तेच असत, फक्त त्यांची जागा बदलत असे. मागचे आकाश रंगवलेल्या कापडाचे होते आणि त्याला मधोमध एक चुणी होती. कप्तान बोलता बोलता एका खडकाला टेकला आणि खडक सरकला.

“हालला! खडक हालला!” मागून एकदम चार-पाच आवाज आले.

“पुट्ट्याचा हाय तो.”

“नाय रे, तो कप्तान दांडगा हाय.”

मी सांगितले, “कप्तान म्हणतो, या ग्रहावर जीवसृष्टीची चिन्हे दिसत नाहीत. आपण चौघेही खाली उतरून पाहणी करू.”

पुरुषांच्या बाजूला यावर चर्चा सुरू झाली. एक म्हातारा तांडेल, म्हणजे आयुष्यभर बोट चालवलेला माणूस, मोठ्याने विचारू लागला, “चारी जनं उतरली? मंग बोटीत कोन हाय?”

“कोन नाय, बाबा.”

“नांगर तरी टाकलाय का?”

“दिसला नाय.”

“मंग गेली बोट. आता बगायचं काय?” असे म्हणून त्याने विडी पेटवली. पण बघत राहिला.

थोड्या थोड्या वेळाने पडदा काळा होत असे. त्या देशात या भागांच्या मध्ये जाहिराती दाखवतात. रिळावरून त्या कापून काढल्या होत्या, पण काळ्या जागा राहिल्या होत्या. प्रत्येक काळी जागा अगदी आणीबाणीच्या क्षणी येई. पहिल्यांदा पडदा काळा झाला तेव्हा खेळ संपला असे समजून काही लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सतरंज्या झटकायला घेतल्या. तेवढ्यात चित्र पुन्हा सुरू झाले. दुसऱ्यांदा कोणी हलले नाही.

मग तो व्यापारी आला. परग्रहावरचा म्हातारा, कपाळ पालथ्या वाडग्यासारखे फुगलेले आणि हातांवर रबरी मोजे. मनगटाशी मोज्याची शिवण दिसत होती. त्याच्या खांद्यावर एक मोठी पेटी होती. पेटी रिकामी होती हे उघड होते, कारण ती घेऊन तो चांगला तुरुतुरु चालत असे आणि मध्येच आठवण झाल्यासारखा वाकत असे. तो कप्तानासमोर येऊन उभा राहिला. काही बोलेना. कप्तानाने डॉक्टरकडे पाहिले, पुढे झाला आणि पेटीला हात लावून ती खाली ठेवायला मदत केली.

“कप्तान पेटी खाली ठेवतो,” मी सांगितले.

बायकांच्या बाजूने एकच आवाज उठला. अंगणात आलेला विंचू दिसल्यावर येतो तसा.

“लावला!” ती मासळीवाली ओरडली. “हात लावला त्यानं!”

“आता गेला,” दुसरी म्हणाली.

“भाव इचारला का? नाय इचारला. सरळ हात लावला. येडा हाय का हा कप्तान?”

“आता घेनं आलं. काय बी असू दे पेटीत, घेनं आलं.”

आणि मग घोळक्यातून कोणीतरी, “अगो, आपल्या चष्म्याच्या मडमेवानीच केलं यानं!”

सगळ्या बायका हसू लागल्या. पुरुषही हसले. मासळीवाली हसली नाही. तिने शेजारणीच्या मांडीवर चापट मारली. पण ‘मडम’ हा शब्द खुर्च्यांपर्यंत पोचला होता. चष्मा लावणाऱ्या बाईंनी वळून पाहिले. पडद्यावर व्यापारी एका झटक्यात नाहीसा झाला. इतका अचानक, की फिल्म तिथे कापून जोडलेली असावी असे वाटले. पेटीतून स्टोव्ह पेटवल्यासारखा आवाज येऊ लागला, चारही माणसांचे चेहरे एकामागून एक मोठे दिसले आणि पहिले रीळ संपले.

मैदानातला दिवा लागला. बाई उठून माझ्याकडे आल्या आणि इंग्रजीत विचारले की त्या बायका आपल्याबद्दल काय म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, पण कान लाल झाले होते. मी म्हटले, मलाही पूर्ण कळलेले नाही, विचारून सांगतो. हे खरे होते. मी पालघर गावातला. मासळी खाणारा, विकणारा नव्हे.

मी मासळीवालीजवळ गेलो. “मावशी, कप्तानाचं काय चुकलं?”

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी खडक कोणी हलवला असे विचारले होते.

“पाटी भरली की एकटीला उतरवता येते का? नाय येत. मंग जो हात लावून उतरवील तो पयला गिऱ्हाईक. त्यानं घ्यायचं. सरंगा नाय तर दोन बोंबील घे, पन घे. हात लावून घेतलं नाय तर भवानी मोडली. दिवसभर पाटी हालत नाय मंग. म्हनून आमी वाटंवर कोनाला हात लावू देत नाय. घरच्यांना बी नाय.”

“आणि बरोबरची बाई?”

“ती उचलाया हात देती. उतरवाया नाय.”

मी हे बाईंना जसेच्या तसे इंग्रजीत सांगितले. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, आणि तिच्यावर सगळा दिवस अवलंबून मानतात, हेही सांगितले. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

“मी तिच्या पाटीला हात लावला होता,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“तिला माहीत होतं का, की मला हे माहीत नव्हतं?”

मी प्रश्न मराठीत केला. मासळीवालीने खांदे उडवले. “मला काय ठावं, हिच्या गावात पाटी कशी उतरवतात ते?”

“माझ्या गावात कोणी डोक्यावर पाटी घेत नाही,” बाईंचे उत्तर.

“मंग मासळी बाजारात जाते कशी?”

“मोटारीतून.”

“आनि मोटारीतून खाली कोन उतरवतो?”

बाईंनी यावर खरोखर विचार केला. “तो मोटारवाला.”

“त्यानं मंग रोजची मासळी घ्यायची,” शेजारीण म्हणाली. “मेला बुडंल.” पुन्हा हशा झाला. तो कशावर होता ते मी बाईंना सांगितले आणि त्याही हसल्या, थोड्या उशिराने. तेवढ्यात दुसरे रीळ चढले, दिवा गेला आणि मी जागेवर पळालो.

दुसरा अर्धा भाग पहिल्याहून कमकुवत होता. पेटी यानात नेली जाते. कशासाठी, ते सांगितलेले नाही. ती हळूहळू जड होत जाते. यान एका बाजूला कलते. म्हणजे छायाचित्रकार कॅमेरा तिरपा धरतो आणि चारही पात्रे दुसऱ्या बाजूला पडतात. एकदा यंत्रज्ञ चुकीच्या बाजूला पडला आणि सावरून पुन्हा बरोबर बाजूला पडला. मैदानातून त्याला शिट्ट्या मिळाल्या. ते पेटीवर ज्वाळा सोडतात, तिला तारांनी बांधतात, डॉक्टर तिला इंजेक्शन देतो. यानाचे दार सगळा वेळ त्यांच्या मागे दिसत असते.

खुर्च्यांवरचे अभियंतेही हसत होते. पण ते वेगळ्या ठिकाणी हसत. ज्वाळांचा रंग, यंत्रांवरचे आकडे, वजनाचा हिशोब, असले काहीतरी त्यांना चुकलेले दिसत होते. गावकरी हसत तेव्हा ते गप्प असत आणि ते हसत तेव्हा गावकरी. शेवटी एका लठ्ठ अभियंत्याला राहवले नाही. तो पडद्याकडे हात करून ओरडला की अरे, दार तिथे आहे, फेकून द्या ती पेटी.

मी तेही मराठीत सांगितले. माझे काम तेच होते.

“फेकील कशी?” मासळीवाली ताडकन म्हणाली. “हात लावलाय ना! घेतलीय त्यानं. पैका दिला नाय, भाव ठरला नाय, म्हनून बसली उरावर. आता ज्याची हाय त्याला गाठून व्यवहार मिटवल्याबिगर ती हालनार नाय.”

मी हे इंग्रजीत सांगितले. अभियंत्याने मागे वळून अंधारात तिला शोधले. मग शेजाऱ्याला म्हणाला, या कथेत आत्तापर्यंत कोणी सांगितलेले पहिले कारण हे आहे.

शेवट असा. यान आता बुडणार, किंवा अंतराळात जे काही होते ते होणार, अशा वेळी तो म्हातारा व्यापारी पुन्हा उगवतो. कुठून आला, आत कसा शिरला, याचे स्पष्टीकरण नाही. लेखकाला काही सुचले नसावे, किंवा रीळ संपत आले असावे. कप्तान त्याच्याकडे पाहतो, दोन वाक्ये बोलतो, डोक्यावरची टोपी काढतो आणि त्याला देतो. म्हातारा ती वाडग्यासारख्या कपाळावर चढवतो. ती बसत नाही, तिरकी राहते. मग तो पेटी काखोटीला मारून निघून जातो. यान सरळ होते. चौघे हसतात. समाप्त.

खुर्च्यांवर अशा शेवटाला जो सुस्कारा मिळायला हवा तोच मिळाला. सतरंज्यांवर मात्र टाळ्यांचा कडकडाट झाला.

“झाली भवानी!”

“टोपीवर मिटवला. सस्तात सुटला.”

“पन मिटवला ना,” मासळीवाली म्हणाली.

म्हाताऱ्या तांडेलाला बोट परत मिळाली याचेच आश्चर्य वाटत होते. नांगराशिवाय इतका वेळ एका जागी राहिली, म्हणजे तिथे भरती-ओहोटी नसावी, असा निष्कर्ष काढून तो उठला.

लोक निघू लागले. मासळीवाली निघाली नाही. ती पदर खोचून खुर्च्यांसमोर जाऊन उभी राहिली आणि मला हाक मारली. “पेपरवाल्या, इकडं ये. हिला सांग, त्या दिवसाचं मी इसरले. हिला ठावं नवतं, मला बी ठावं नवतं. पन फाटकाचं काय?”

बाई म्हणाल्या, ते माझ्या एकटीच्या हातात नाही, समितीने ठरवले आहे.

“समितीत कोन कोन हाय?”

बाईंनी खुर्च्यांकडे हात केला. सहा-सात बायका अजून तिथेच होत्या. कोणी झोपलेल्या मुलांना उठवत होत्या.

“मंग बसल्याच हायत की,” मासळीवाली म्हणाली. “इचार आता. मी उभी हाय.”

कल्याण अधिकारी पुढे आले आणि हळूच म्हणू लागले की बाई, असं नाही, रीतसर अर्ज... ती त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, “साहेब, पावसाला किती दिस राह्यले? बोटी किनाऱ्यावर चढल्या की मी काय इकू? आनि पावसानंतर फाटक बंदच राह्यलं तर मी माती वाहीन. माती वाहाया लाज नाय. पन मी मासळी इकनारी हाय.”

हे मी इंग्रजीत सांगितले. त्यात काही घातले नाही, काही वगळले नाही. खुर्च्यांवरच्या बायका आपसात बोलू लागल्या. विरोध कोणाचाच नव्हता, पण एकीने अडचण काढली आणि ती रास्त होती. ती म्हणाली, रीत आज कळली. पण ओझ्याखाली वाकलेली बाई दारात आली की आपला हात जाणारच. आपल्याला तसेच शिकवले आहे. प्रत्येक वेळी घ्यायचे नसेल तर पुन्हा भांडण. मासळीवालीला हे सांगितल्यावर तिने मान डोलावली. “बराबर हाय. हात जातोच. मानसाचा जातोच.”

तेव्हा तो लठ्ठ अभियंता म्हणाला, मग हाताची गरजच ठेवू नका. फाटकाच्या आत, झाडाखाली एक उंच ओटा बांधू. डोक्यावरची पाटी सरळ ओट्यावर सरकवायची. कोणाचा हात नको. रोज इतके काँक्रीट ओततो आहोत, त्यातली चार घमेली उरली तरी पुष्कळ.

त्याने लगेच खिशातून मोजपट्टी काढली. मासळीवालीला करमणूक केंद्राच्या भिंतीला टेकून उभे केले आणि तिच्या खांद्याच्या उंचीवर कोळशाने रेघ ओढायला गेला. तिने त्याचे मनगट धरले.

“माझ्या मापानं नको. मी उंच हाय. हिच्या मापानं कर.” आणि मागे लपणाऱ्या एका बुटक्या बाईला ओढून तिने भिंतीशी उभे केले. ती बाई तोंडावर पदर धरून इतकी हसत होती की रेघ दोनदा पुसावी लागली.

समितीच्या बायकांनी तिथेच उभ्या उभ्या हात वर केले. अधिकाऱ्यांनी ठराव इंग्रजीत लिहून घेतला आणि चौकीदाराला हिंदीत समजावला. चौकीदार म्हणाला, “ठीक है साहब, लेकिन मछली के साथ बिल्ली आएगी, वो मेरी ज़िम्मेदारी नहीं.”

ओटा पुढच्या आठवड्यात झाला. मी दुसऱ्या कामासाठी तारापूरला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम सकाळी लवकर फाटकाशी थांबलो. घिवलीच्या बायका आल्या. मासळीवाली पुढे होती. ती ओट्याला पाठ देऊन उभी राहिली, गुडघे किंचित वाकवले, मान मागे नेली आणि पाटी सिमेंटवर सरकवली. कोणी मदत केली नाही. बुटकी बाई म्हणाली, “हे झ्याक हाय. पन मंग पयला गिऱ्हाईक कोन, ते कळायचं कसं?”

याचा विचार कोणी केलेला नव्हता. अभियंत्याने नाही, समितीने नाही आणि मासळीवालीनेही नाही. त्या तिथेच उभ्या राहून वाद घालू लागल्या. जो पहिला भाव विचारील तो, असे एकीचे म्हणणे. भाव तर कोणीही विचारतो, असे दुसरीचे. वाद चालू असताना बंगल्यांच्या बाजूने चष्मा लावणाऱ्या बाई टोपली घेऊन आल्या. त्यांनी पाटीपासून हातभर अंतरावर उभे राहून, हात मागे बांधून, आधी बोटाने एक सरंगा दाखवला आणि मग भुवया उंचावल्या. मासळीवालीने बोटांनी भाव सांगितला. बाईंनी मान हलवली आणि बोटे कमी केली.

“अगो, ही घासाघीस कराया शिकली!” बुटकी ओरडली.

“शिकू दे. गिऱ्हाईक टिकंल,” मासळीवाली म्हणाली आणि एक बोट वाढवले. ठरले. बाईंनी सरंग्याबरोबर एक बोंबीलही उचलला आणि तो कसा करतात ते खुणेने विचारले. मासळीवाली ओट्याच्या सावलीत कोयतीवर, म्हणजे मासळी कापायच्या विळीवर, बसली, तो साफ केला, मधून चिरला, दगडाखाली दाबून पाणी कसे काढायचे ते दाखवले. तेवढ्या वेळात आणखी दोन बंगल्यांची दारे उघडली.

पावसाळ्यात बोटी वर चढल्या आणि बायका सुका बोंबील आणि जवळा घेऊन येत राहिल्या. परदेशी घरांत सुक्या मासळीच्या वासावरून पुन्हा कुरबुर झाली. ती समितीने चर्चेने मिटवली, म्हणजे सुकी मासळी ओट्याच्या वाऱ्याकडच्या टोकाला ठेवायची नाही असे ठरले. नारळी पौर्णिमेनंतर बोटी पुन्हा पाण्यात गेल्या. त्या सुमारास मी मातीकामाची एक बातमी घ्यायला बांधकामावर गेलो. मुकादम भेटला. घिवलीची एक बाई येणार होती तिचे काय झाले, असे मी त्याला विचारले.

“नाय आली,” तो म्हणाला. “दोनदा निरोप धाडला. म्हनते, टाइम नाय.”